आयक्लर घर पाहायला जाताना

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न (म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या आधुनिक शैलीचे), डाउनटाउनपासून चालत जाण्याच्या अंतरावर’ अशी जाहिरात कधी ना कधी भेटतेच. पालो आल्टो, सनीव्हेल किंवा सॅन मटेओ येथील जाहिरात असेल, तर ते घर पुष्कळदा जोसेफ आयक्लर या बांधकाम व्यावसायिकाच्या वसाहतीतले निघते. आयक्लर यांनी 1949 नंतरच्या पाव शतकात कॅलिफोर्नियात सुमारे 11,000 घरे बांधली. अँशेन अँड ॲलन, जोन्स अँड एमन्स आणि क्लॉड ओकलंड या वास्तुरचनाकारांनी त्यांचे आराखडे केले. रस्त्याच्या बाजूने जवळजवळ बंद, मागे अंगणाकडे छतापासून जमिनीपर्यंत काच, उघड्या तुळया आणि नंतरच्या अनेक घरांत मधोमध आकाशाला उघडा चौक असा त्यांचा घाट आहे. वाड्यात वाढलेल्या माणसाला तो चौक दिसताच निम्मा निर्णय झालेला असतो, आणि म्हणूनच उरलेला निम्मा निर्णय सावधपणे घ्यावा लागतो.

घरात शिरण्याआधी अंतर तपासावे, कारण त्याला पैसे पडत नाहीत. या वसाहती मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांसाठी वसवलेल्या होत्या. त्यांतील रस्ते वळणावळणाचे आणि अनेकदा पुढे बंद होणारे असल्यामुळे नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारे दुकान प्रत्यक्षात बराच वळसा घालायला लावते. सॅन मटेओ हायलँड्स ही मोठी आणि देखणी वसाहत तर डोंगरावर आहे. तेथून डाउनटाउनला रोज चालत जाणे विसरावे. सनीव्हेलमध्ये मर्फी ॲव्हेन्यूवरची उपाहारगृहे, शनिवारचा बाजार आणि शेजारचे कॅलट्रेन या उपनगरी रेल्वेचे स्थानक हे आकर्षण खरे आहे, परंतु एखाद्या घरापासून तेथे पोहोचताना रुंद रस्ते आणि रेल्वेमार्ग कोठे ओलांडावे लागतात, हे प्रत्यक्ष चालूनच कळते. कामाच्या दिवशी संध्याकाळी, मुलाची ढकलगाडी आणि परतताना दुधाचा कॅन घेऊन, एकदा जाऊन यावे. ‘डाउनटाउन पाच मिनिटांवर’ हे वाक्य बहुतेक वेळा गाडीच्या मिनिटांत लिहिलेले असते.

आता मुख्य मुद्दा. साधारण अमेरिकन घराचा तपासनीस वर माळ्यावर चढतो आणि खाली घराखालच्या पोकळीत सरपटत जाऊन नळ, तारा व लाकूड पाहून येतो. आयक्लर घराला माळाही नाही आणि खाली पोकळीही नाही. काँक्रीटची लादी थेट जमिनीवर ओतलेली असते आणि आतून दिसणारी लाकडी फळ्यांची तक्तपोशी हेच छप्पर असते. जे काही बिघडायचे ते लादीत गाडलेले किंवा छपरावर अंथरलेले असते, आणि नेहमीच्या अहवालात त्याविषयी अनेकदा ‘पाहता आले नाही’ एवढीच नोंद मिळते.

लादीपासून सुरुवात करावी. बहुतेक घरांत गरम पाण्याच्या नळ्या लादीत पुरलेल्या असतात आणि संपूर्ण जमीनच घर तापवते. या नळ्या तांब्याच्या किंवा पोलादाच्या असतात. पोलाद आतून गंजते, त्यामुळे कोणती नळी आहे हे विचारून घ्यावे. लादी तापायला काही तास लागतात, म्हणून हीटिंग आदल्या रात्रीपासून चालू ठेवण्याची विनंती एजंटमार्फत करावी. घरात गेल्यावर परवानगी घेऊन बूट काढावेत आणि अनवाणी प्रत्येक खोलीतून, विशेषतः कोपऱ्यांतून व न्हाणीघरातून, सावकाश फिरावे. एखादी खोली पूर्ण थंड लागली, तर तेथील नळ्यांची शाखा बंद केलेली असण्याची शक्यता असते. एखादाच ठिपका भोवतालापेक्षा जास्त ऊन लागला, तर तेथे गळतीची शंका घ्यावी. घरातील सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहावा. तो हलत असेल, तर पाणी कोठेतरी मुरत आहे. मात्र खात्रीसाठी या कामातील माहितगार कारागिराकडून नळ्यांची दाबचाचणी करवून घ्यावी, कारण पायाला मंद गळती कळत नाही. पूर्वीच्या मालकाने लादीवर नवी लाकडी जमीन खिळ्यांनी बसवली असेल, तर खिळा नळीत घुसलेला असू शकतो, म्हणून ही चाचणी टाळूच नये.

छपराकडे पाहताना मान वर करून तक्तपोशीच्या फळ्या नीट न्याहाळाव्यात. तुळईलगत किंवा छतातल्या खिडकीभोवती तपकिरी डाग असतील, तर पाणी आले होते हे नक्की. याहून मजेशीर खूण म्हणजे फळ्यांतून खाली डोकावणारी खिळ्यांची टोके. नवे छप्पर घालणाऱ्याला फळीच तक्तपोशी आहे हे ठाऊक नसले की तो नेहमीचे लांब खिळे ठोकतो. टोकांमुळे गळती होईलच असे नाही, पण काम कोणत्या हातांनी केले ते समजते. बाहेर आल्यावर छपराबाहेर निघालेली तुळयांची टोके दाबून पाहावीत, कारण ताज्या रंगाखाली मऊ, कुजलेले लाकूड लपते. छप्पर डांबर-खडीचे आहे की फोमचे आणि फोमवर संरक्षक लेप शेवटचा कधी दिला, हेही विचारावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात उरकतात. लादीखालचे मूळ सांडपाण्याचे नळ ओतीव लोखंडाचे असल्यास कॅमेरा घालून तपासावेत. जुने विजेचे पॅनेल कमी क्षमतेचे असते. इलेक्ट्रिक गाडी आणि हीट पंप (विजेवर घर गरम-थंड करणारे यंत्र) हवे असतील, तर ते वाढवण्याचा खर्च धरावा. मोठ्या काचांच्या कोपऱ्यात टेम्पर्ड काचेचा, म्हणजे फुटल्यास धारदार तुकडे न होणाऱ्या काचेचा, शिक्का शोधावा. तो नसेल आणि घरात धावणारी मुले असतील, तर काचा बदलणे हा पहिला खर्च समजावा. गालिच्याखाली 9 इंची चौकोनी जुन्या टाइल निघाल्या, तर त्यांत फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकते. त्या स्वतः उखडू नयेत.

कागदपत्रांत विक्रेत्याचे अहवाल तयार मिळाले तरी त्यांतील वाळवीचा अहवाल आधी वाचावा. 1978 पूर्वीच्या घरांसाठी शिशाच्या रंगाबाबतची माहिती विक्रेत्याने देणे संघीय कायद्याने बंधनकारक आहे. आई-वडिलांसाठी वर मजला चढवण्याचा विचार असेल, तर ऑफर देण्यापूर्वीच नगरपालिकेच्या नियोजन विभागात चौकशी करावी, कारण पालो आल्टोतील अनेक आयक्लर वसाहतींत दुसऱ्या मजल्याला मनाई आहे. ग्रीन गेबल्स आणि ग्रीनमेडो या तेथील दोन वसाहतींची तर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आहे.

शेवटी मालमत्ता कर. जाहिरातीजवळ दिसणारा सध्याचा कर पाहून हुरळून जाऊ नये. 1978 च्या प्रपोझिशन 13 या कॅलिफोर्नियाच्या करमर्यादेच्या कायद्यामुळे जुन्या मालकाचे करमूल्य वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्क्यांनी वाढत आलेले असते. घराची मालकी बदलली की मूल्य साधारणतः खरेदीच्या किमतीवर नव्याने ठरते आणि त्यावर 1 टक्का मूळ कर व स्थानिक आकार लागतात. मासिक हप्त्याचे गणित या नव्या आकड्यावर मांडावे आणि त्यातच छप्पर व हीटिंग यांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढून मगच ऑफरचा आकडा लिहावा.