‘पॅनिक’ या शब्दाचे मूळ आणि त्याचा नेमका वापर
‘पॅनिक’चा अर्थ नीट लावण्यासाठी प्रथम प्राचीन ग्रीसमधील आर्केडियाच्या पॅन या गुराख्यांच्या देवापर्यंत जावे; उघड कारण नसताना कळपात किंवा सैन्याच्या छावणीत एकाएकी उठणारी भीती ग्रीक लोक याच देवाची करणी मानत, आणि तेथून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यामुळे अकस्मात उठणे आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरणे या छटा त्यात मुळापासूनच आहेत. अफवेने गर्दीत पळापळ झाली, तर मराठीत ‘घबराट पसरली’ असे लिहावे. क्षणभराच्या भीतीला ‘दचकणे’ पुरते. ‘धसका’ मात्र येथे योजू नये, कारण धसका मनात घर करून राहतो, आणि हा भेद जपलाच पाहिजे. वैद्यकीय लेखनात ‘पॅनिक अटॅक’ हाच रूढ शब्द ठेवावा.