करीसारखा शॉट बसवायचाय? मग आधी रिंगजवळ या
बास्केटबॉल शिकायला आलेली पोरं ग्राउंडवर आल्या आल्या थ्री पॉइंटच्या लाइनवरून (त्या लांबच्या लाइनबाहेरून बास्केट झाली की तीन पॉइंट मिळतात) मारायला लागतात, बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय. स्टीफन करी शाळेत असताना बॉल पार कमरेपासून वर ढकलायचा, वडील डेल करी स्वतः एनबीएतले, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले शूटर, त्यांनी सांगितलं असा शॉट पुढे ब्लॉक होणार, आणि मग अख्खा उन्हाळा दोघांनी मिळून शॉट नव्याने बसवला. त्या दिवसांत त्याला लांबून बॉल टाकताच येत नव्हता. तोच पोरगा 2009 ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या नंबरवर निवडला गेला आणि 2015-16 च्या सीझनला त्याने 402 थ्री मारले!

तर रिंगपासून तीन-चार फुटांवर उभं राहा, बॉल एकाच हातावर घ्या, तळहात टेकवायचा नाही, बोटांवर बसला पाहिजे, कोपर रिंगकडे, गुडघे थोडे वाकवा आणि ताकद पायातून येऊ द्या. बॉल सुटला की मनगट तसंच पडलेलं ठेवा, बॉल जाळीतून जाईपर्यंत. हे जमलं की दुसरा हात नुसता बाजूला लावा. बॉल मागच्या बाजूला फिरत गेला पाहिजे, आडवा फिरला तर समजा दुसऱ्या हाताचा अंगठा मध्ये येतोय.

सलग दहा पडले की एक पाऊल मागे, चुकायला लागलात की परत पुढे. फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) लाइन रिंगमागच्या बोर्डपासून 15 फुटांवर, तिथे पोचायला महिने लागले तरी लागू देत. घोट्यांचा व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून करा, करीच्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन दोनदा झालंय, 2011 आणि 2012 ला.