एफएमच्या ऑफिसातून ‘अण्णा’, ‘भैया’, ‘चिंकी’ कसे काढायचे

रेडिओत टोपणनाव हा धंद्याचाच भाग आहे. एअर नेम, म्हणजे एअरवर घ्यायचं नाव, लहान हवं, दर लिंकला (दोन गाण्यांमधल्या बोलण्याला) ओठांवर बसायला हवं. कित्येक आरजेंचं कागदोपत्री नाव सेल्सवाल्यांना ठाऊकही नसतं. या सवयीतच कोट्टायमच्या साउंड इंजिनिअरचा ‘अण्णा’ होतो आणि कुणाला काही खटकत नाही. खरं तर कोट्टायमकडे थोरल्या भावाला ‘चेट्टन’ म्हणतात.

कुठलं नाव काढायचं हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. ते कुणी ठेवलं? तो माणूस स्वतःची ओळख करून देताना ते वापरतो का? त्याची आई ऑफिसला आली तर तिच्यासमोर तुम्ही त्या नावाने हाक माराल का? तिसऱ्या प्रश्नावर जीभ अडखळली की निकाल लागला. मात्र ‘तुला चालतं ना रे?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. सहा जण हसत उभे असताना कुणीही ‘हो’च म्हणेल, विशेषतः प्रोबेशनवर असेल तर.

पहिलं काम फायलींचं. एचआरने सूचनेची मेल पाठवली म्हणून टोपणनाव जात नाही, कारण तोपर्यंत ते यंत्रात शिरलेलं असतं. प्लेआउटमधले (गाणी-जाहिराती क्रमाने वाजवणारं सॉफ्टवेअर) कार्ट, म्हणजे ऑडिओच्या नोंदी, एडिटिंगचे फोल्डर, डबिंग शीट, व्हॉइस बँक (आवाज देणाऱ्यांची यादी), इंटरकॉमची यादी, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडे. शिफ्टला नवा आलेला मुलगा ‘चिंकी_प्रोमो_फायनल२’ वाचतो आणि पहिल्याच दिवशी ते नाव शिकतो. आठ-दहा शब्दांची यादी करा, प्रत्येकाची दोन-तीन रोमन स्पेलिंग घ्या आणि सर्च मारा. एका दुपारचं काम आहे.

इथे एक चूक हमखास होते. उत्साहात कुणीतरी थेट हार्ड डिस्कवर ऑडिओ फाइलचं नाव बदलतो. प्लेआउटच्या डेटाबेसला मग ती सापडत नाही आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या क्रमवारीत, त्या जागी डेड एअर, म्हणजे नुसती शांतता, जाऊ शकते. बदल सॉफ्टवेअरच्या आतून, फक्त टायटलच्या रकान्यात करा. कार्ट नंबर तोच ठेवा आणि पुढच्या २४ तासांच्या लॉगमध्ये लागलेल्या कार्टला हात लावू नका. एडिटिंगचं फोल्डर बदललं तर सेशन उघडताना मीडिया हरवल्याचं सांगेल. घाबरू नका, नवं फोल्डर दाखवून जोडून द्या.

व्हॉइस बँक हे खरं मूळ. तिथे ‘साउथ व्हॉइस’, ‘भैया व्हॉइस’, ‘नेपाळी वॉचमन’ अशा नोंदी असतात आणि तीच नावं पुढे त्या माणसांना चिकटतात. नोंद अशी करा: पुरुष, वय ३५ ते ४५, खालची पट्टी, सावकाश लय, मल्याळम-हिंदी-इंग्रजी. शोधायलाही हेच सोपं.

क्लायंटने ‘मद्रासी ॲक्सेंट’ मागितला तर आधी विचारा: भाषा कुठली? तमिळ, तेलुगू, कन्नड की मल्याळम? जुन्या मद्रास राज्यातून १९५३ मध्ये आंध्र वेगळा झाला, १९५६ मध्ये मलबार केरळात गेला, १९६९ मध्ये उरलेल्या राज्याचं नावही तमिळनाडू झालं. क्लायंटचं ब्रीफ (जाहिरातीची मागणी) अजून तिथेच अडकलंय. मग ३० सेकंदांची ती स्क्रिप्ट साध्या आवाजात वाचून दाखवा. विनोद टिकला तर पात्र ठेवा. पडला, तर विनोद फक्त उच्चाराचा होता. क्लायंट हटून बसला तर जाहिरात मानक परिषदेची संहिता पुढे करा: वंश, जात, वर्ण, पंथ, राष्ट्रीयत्व यांची खिल्ली उडवणारी जाहिरात तिथे बसत नाही. आकाशवाणीच्या संहितेतही धर्म किंवा समाजावर हल्ला करायला मनाई आहे, आणि ती खासगी एफएमलाही लागू आहे. सेल्सला ही भाषा पटकन कळते.

आगरी टोनचं काय, असा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत येतोच. आगरी आरजेने आगरीत बोलणं वेगळं, आणि इतरांनी दर वेळी ‘अडाणी शेजारी’ म्हणून तो टोन काढणं वेगळं. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई उभी केली, तेच लोक ठाणे-बेलापूर रोडवर गाडीत तुमचं स्टेशन लावून बसलेले असतात. आणि ‘घाटी’ ऐकून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते, तोच पाच मिनिटांनी ‘ए भैया, चाय’ म्हणतो, हेही याच मजल्यावर घडतं.

लाइव्हमध्ये नियम एकच: टॉकबॅकवरही (स्टुडिओतलं आपसातलं, एअरवर न जाणारं बोलणं) एअरवर घ्याल तेच नाव. लिंक पाठ केलेली नसते. दिवसभर जे तोंडात आहे तेच फेडर (माइक उघडणारी सरकपट्टी) वर गेल्यावर बाहेर पडतं. निसटलंच तर हसू नका, खुलासाही करत बसू नका. पुढच्या लिंकला एका वाक्यात माफी आणि लगेच गाणं. रिपीट, पॉडकास्ट आणि रीलमधून तो तुकडा त्याच दिवशी कापा. रील नेमकं विसरलं जातं, आणि बोभाटा तिथूनच होतो.

तक्रार आली तर ती डोळे झाकून अंतर्गत समितीकडे ढकलू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ऑफिसात सक्तीची केलेली ती समिती लैंगिक छळासाठी आहे. प्रांतावरून हिणवण्यासाठी कंपनीच्या आचारसंहितेत वेगळं कलम आणि तक्रार घेणारी दोन नावं लागतात, त्यातलं एक प्रोग्रामिंगबाहेरचं. तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं एवढं लिहून घ्या. माणूस अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर प्रकरण आचारसंहितेपुरतं राहत नाही. लोकांसमोर जातीवाचक शिवी देणं किंवा हेतुपुरस्सर अपमान करणं यासाठी १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. ईशान्येतल्या जमातींच्या लोकांना ‘चिंकी’ म्हणण्यालाही हा कायदा लावावा, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं.

टोपणनाव काढलं की जागा रिकामी राहते, आणि खरं नाव उच्चारता येत नसेल तर आठवड्यात नवं टोपणनाव येतं. म्हणून प्रत्येकाकडून त्याचं नाव त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या: पाच सेकंद, दोनदा, एकदा सावकाश आणि एकदा बोलीच्या वेगात. इंग्रजीत ‘झेडएच’ लिहिलेलं दिसलं की हिंदीवाले ‘कोझिकोड’ म्हणतात. आपल्याकडे ळ आहे, तो मूळ उच्चाराच्या जवळ जातो. ‘तमिळ’ म्हणतो, तसंच कोळिकोड म्हणा. ही क्लिप स्टुडिओच्या पीसीवर प्लेआउटच्या शेजारी ठेवा, म्हणजे सकाळचा आरजे माइक उघडण्याआधी एकदा ऐकून घेईल.