फंड कंपनी बुडाली तर आपल्या पैशांसाठी काय करायचं

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हापासून नात्यातले आणि ओळखीतले लोक मला एकच प्रश्न विचारतात: "अमुक म्युच्युअल फंडाचा मालक अडचणीत आलाय, आपले पैसे गेले का?" त्याआधी त्यांना दोन सल्ले मिळालेले असतात. आजच्या आज सगळं विकून टाका, हा एक. पाच लाखांपर्यंत विमा असतो, घाबरू नका, हा दुसरा. दोन्ही चूक. पाच लाखांचा विमा बँकेतल्या ठेवींना आहे, म्युच्युअल फंडाला नाही. फंडातले शेअर आणि रोखे (कंपन्यांना दिलेल्या कर्जाचे कागद) फंड चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे नसतातच. ते ट्रस्टचे असतात आणि कस्टोडियन नावाच्या वेगळ्या संस्थेकडे सांभाळायला दिलेले असतात. कंपनीने ज्यांचे पैसे थकवलेत, त्यांना तुमच्या युनिटांना, म्हणजे योजनेतल्या तुमच्या हिश्शाला, हात लावता येत नाही.

म्हणून आधी नेमकं काय बुडालं ते शोधा. २०१९ मध्ये घरकर्ज देणारी डीएचएफएल कंपनी कोसळली. तिचं नाव लावणारं फंड घराणं (फंड चालवणारी कंपनी) त्याच वर्षी पूर्णपणे परदेशी भागीदाराकडे गेलं, पुढे ते पीजीआयएम इंडिया झालं आणि लोकांचे फोलिओ, म्हणजे फंडातली खाती, चालू राहिले. पण त्याच वर्षी जूनमध्ये, ज्या रोखे योजनांनी डीएचएफएलचे रोखे घेतले होते त्यांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, घसरली, मग योजना कुठल्याही घराण्याची असो. मालक बदलल्याने पैसे जात नाहीत, योजनेने घेतलेला रोखा बुडाला की जातात. बातमी वाचताना हा फरक पाहिलात की निम्मी भीती संपते.

आपले पैसे नेमक्या कुठल्या योजनांत आहेत ते पाहायला कॅम्स, केफिनटेक (फंडांच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था) किंवा त्यांच्या एमएफ सेंट्रल या संकेतस्थळावरून पॅनवर एकत्रित खाते उतारा काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

घराणं दुसऱ्याने विकत घेतलं असेल तर पत्र किंवा ईमेल येतं. त्यात एक मुदत असते, तेवढ्या काळात एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, न भरता बाहेर पडता येतं. "फुकट बाहेर पडता येतंय" म्हणून पडू नका. लोड माफ असला तरी भांडवली नफ्यावरचा कर माफ नसतो. उलट प्राप्तिकर कायद्यानुसार एक इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणारी) योजना दुसरीत विलीन झाली तर ती विक्री धरत नाहीत, आणि युनिट किती काळ धरले हेही मूळ खरेदीपासूनच मोजतात. नव्या योजनेची गुंतवणुकीची पद्धत तुम्हाला नको असेल तरच बाहेर पडा.

खरी कसोटी योजनाच बंद होते तेव्हा लागते. फ्रँकलिन टेंपल्टनने २३ एप्रिल २०२० ला सहा रोखे योजना बंद केल्या. त्यात सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. विक्री बंद, एसआयपी बंद. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, डिसेंबरात युनिटधारकांचं ऑनलाइन मतदान झालं आणि फेब्रुवारी २०२१ पासून एसबीआय म्युच्युअल फंडामार्फत हप्त्यांनी पैसे परत येऊ लागले. शेवटी बंद करतानाच्या रकमेपेक्षा जास्त वाटप झालं, पण त्याला काही वर्षं लागली. असं मतदान आलं तर ते चुकवू नका आणि माझं ऐकाल तर शिस्तीने बंद करण्याच्या बाजूने मत द्या. ठराव फेटाळला तर योजना पुन्हा खुली होते, सगळे एकदम दाराशी येतात आणि रोखे पडेल भावात विकावे लागतात.

यापुढचा भाग कुणी सांगत नाही, आणि मी तिथेच अडकलो होतो. हप्त्यांसाठी अर्ज करावा लागत नाही. फोलिओवर जे बँक खातं नोंदवलेलं असेल, तिथे पैसे जातात. संयुक्त फोलिओ असेल तर पहिल्या नावाच्या खात्यात. माझ्या आत्याच्या अशाच एका बंद योजनेत नोंदवलेलं खातं तिने कधीच बंद केलं होतं. पैसे परत गेले, मग चेक जुन्या पत्त्यावर गेला. मी बँक बदलाचा अर्ज दिला, तो फेटाळला गेला कारण रद्द केलेल्या चेकवर तिचं नाव छापलेलं नव्हतं. पुन्हा दिला, तर सही जुळेना. वीस वर्षांत वयस्कर माणसाची सही बदलते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या सगळ्यात आठ महिने गेले, आणि ते पैसे तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी हवे होते.

म्हणून हा क्रम पाळा. आधी केवायसी तपासा, ते अडलेलं असेल तर पुढचं काहीच सरकत नाही. मग सही: शंका असेल तर बँक व्यवस्थापकाकडून साक्षांकित करून घ्या. त्यानंतर बँक खातं: नाव छापलेला चेक नसेल तर शिक्का मारलेलं पासबुक किंवा स्टेटमेंट जोडा. देना बँकेसारखी तुमची बँक दुसरीत विलीन झाली असेल तर नवा आयएफएससी नोंदवा. खातं बदलल्यावर बहुतेक घराणी साधारण १० दिवस पैसे सोडत नाहीत, त्यामुळे हप्त्याची तारीख जाहीर होईपर्यंत थांबू नका. मुलाच्या नावावरचा फोलिओ असेल आणि तो अठरा वर्षांचा झाला असेल, तर त्याचा दर्जा बदलून घेईपर्यंत तो गोठलेलाच राहतो. हे सगळं फंड धडधाकट असतानाच करून ठेवलं तर उत्तम. माझ्या घरच्यांचे फोलिओ मी आता दर दिवाळीनंतर तपासतो.

कंपनी दाद देत नसेल तर फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रार संकेतस्थळावर तक्रार करा, २१ दिवसांत उत्तर देणं तिला बंधनकारक आहे. फेटाळलेल्या अर्जाची पोच सोबत जोडा. आणि प्रत्येक हप्त्याचं पत्र जपून ठेवा, कारण प्रत्येक वेळी काही युनिट रद्द होतात आणि त्या वर्षीच्या प्राप्तिकर विवरणपत्रात त्यांचा हिशोब वेगळा दाखवावा लागतो.