ऑनलाइन व्यवसाय उभा करताना वायफळ खरेदी आणि धरसोड कशी थांबवायची

ऑनलाइन व्यवसायात पैसे वाया जाण्याची एक ठरलेली वेळ असते. वेबसाइट जवळपास तयार असते, पण अजून कुणाला दाखवलेली नसते. किंमत ठरलेली असते, पण कुणाला सांगितलेली नसते. आता अनोळखी माणसांना मेसेज करून ‘घेता का?’ विचारायचं असतं आणि नकाराची धास्ती असते. नेमका त्याच आठवड्यात ईमेल मार्केटिंगचा नवा कोर्स, तिसरं डिझाइन टूल किंवा एआयवर चालणारं काहीतरी अगदी गरजेचं वाटू लागतं. पैसे भरले की काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. मेसेज मात्र पाठवायचा राहतो तो राहतोच. त्यामुळे नुसतं मनाला दटावून भागत नाही. आपलं घोडं कुठे अडलंय, ते आधी लिहून काढावं लागतं.

आधी जुना हिशेब

गेल्या १२ महिन्यांची बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट समोर घ्या. ईमेलमध्ये रिसीट, इन्व्हॉइस, ट्रायल, रिन्यूअल हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. फोनच्या ॲप स्टोअरमधली सबस्क्रिप्शनची यादीही उघडा. जे सापडेल ते शीटमध्ये उतरवा: नाव, रक्कम, महिन्याचं की वर्षाचं, पुढचे पैसे कधी कापले जाणार, शेवटचं कधी उघडलं आणि कोणत्या कामासाठी घेतलं. शेवटच्या रकान्यात काय लिहावं हेच सुचत नसेल, तर ते टूल बंद करण्याच्या यादीत गेलं. ३० दिवसांत एकदाही उघडलं नसेल तर तेही गेलं. याला अपवाद डोमेन (वेबसाइटचा पत्ता), होस्टिंग (वेबसाइट जिथे ठेवलेली असते ती सेवा), बॅकअप आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर यांचा. ही रोज उघडायची नसतात, पण बंद पडली तर दुकानच बंद.

बंद करताना लोक दोन ठिकाणी हमखास फसतात. फोनमधून ॲप काढून टाकलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं. ते खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊनच रद्द करावं लागतं. दुसरं म्हणजे डेटा. ईमेल लिस्ट, ग्राहकांची नावं, डिझाइनच्या फाइली आधी उतरवून घ्या, मग खातं बंद करा. ‘मुदत संपायच्या आदल्या दिवशी रद्द करू’ म्हणणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा कापले जातात. बऱ्याच सेवा आज रद्द केल्या तरी भरलेल्या मुदतीपर्यंत चालतात. तेवढी अट वाचा आणि लगेच रद्द करून टाका. रद्द झाल्याचा मेल जपून ठेवा.

विक्रीचं पान उकलून वाचा

ही पानं भोळेपणाने लिहिलेली नसतात. त्यांचे भाग ओळखता आले की निम्मी जादू तिथेच उतरते.

सुरुवात टाइमरपासून करा. ‘०२ तास १४ मिनिटं उरली’ असा आकडा पळताना दिसला की तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो म्हणजे खासगी विंडोत किंवा दुसऱ्या फोनवर उघडा. आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर ती मुदत खरी नाही. प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी ते घड्याळ नव्याने लावलं जातं. मुदत खरी असली तरी काही बिघडत नाही, कारण अशा सवलती बहुधा पुन्हा येतात. काट मारलेली मोठी किंमत तर हिशेबातच धरू नका. त्या किमतीला तो कोर्स कधी विकला गेला होता का, हे तुम्हाला तपासता येत नाही.

आता पैसे भरायच्या पानावर या. ‘पे’ बटणाच्या थोडं वर, तुटक रेघांच्या चौकटीत एक छोटा चेकबॉक्स असतो: ‘हो, मला टेम्प्लेटचा संचही हवाय’. याला ऑर्डर बंप म्हणतात. तो तिथेच असतो, कारण कार्डाचा नंबर टाकून झाला की माणूस आणखी थोड्या रकमेला सहसा हरकत घेत नाही. पैसे भरून झाले की लगेच अपसेल, म्हणजे आणखी महाग काहीतरी घेण्याची ऑफर येते, ‘हे पान पुन्हा दिसणार नाही’ असं बजावत. ती नाकारलीत की तिचीच स्वस्त आवृत्ती पुढे येते. घ्यायचं असेल तर जे ठरवून आलात तेवढंच घ्या. नकाराची लिंक मुद्दाम बारीक, फिक्या अक्षरांत तळाशी ठेवलेली असते, तिथपर्यंत खाली जा.

आणखी तीन गोष्टी. ‘प्रामाणिक रिव्ह्यू’च्या खाली खरेदीची लिंक असेल तर ती ॲफिलिएट लिंक आहे का बघा. तुम्ही घेतलंत तर त्या माणसाला कमिशन मिळतं, आणि डिजिटल मालावर ते किमतीच्या निम्मंही असू शकतं. ‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा’ अशा लाइफटाइम डीलमधलं आयुष्य तुमचं नसतं, त्या कंपनीचं असतं. कंपनी बंद पडली की डीलही संपली. कमाईचा स्क्रीनशॉट दाखवतो ती उलाढाल. जाहिरातींचा खर्च, परत केलेले पैसे आणि लोकांचे पगार त्यात कुठेच दिसत नाहीत.

आणि फुकट वेबिनार? दीड तासाचा वेबिनार शेवटी विक्रीकडेच वळणार असतो. एखादा सोडलात तर फार काही गमावत नाही.

‘नंतर बघू’ची यादी

एखादी गोष्ट घ्यावीशी वाटली की घेऊ नका आणि नाहीही म्हणू नका, यादीत टाका. तारीख, नाव, रक्कम, आणि एक वाक्य: ‘आज माझं अमुक काम अडलंय, आणि हे घेतल्याने ते असं सुटेल.’ वाक्यात काम नेमकं हवं. ‘मार्केटिंग सुधारेल’ चालणार नाही. ‘रोज २० ऑर्डरची बिलं हाताने बनवण्यात तास जातो’ हे चालेल. लहान रकमेला ७२ तास थांबा. वर्षाचा प्लॅन किंवा मोठा कोर्स असेल तर ३० दिवस. ‘लहान’ म्हणजे किती, तो आकडा आजच, डोकं थंड असताना ठरवा. मुदत संपल्यावर ते वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक वेळा अडलेलं काम एव्हाना दुसऱ्या मार्गाने झालेलं असतं, किंवा ते कधी अडलंच नव्हतं हे कळतं.

यादीचा नियम मोडतो तो रात्री उशिरा, फोनवर, थकलेल्या डोक्याने. म्हणून वाटेत थोडे अडथळे घालून ठेवा. ब्राउझरमधलं आणि विक्रेत्यांच्या साइटवरचं जतन केलेलं कार्ड काढून टाका. उठून पाकीट आणावं लागलं की बरेच विचार गळतात. जीमेलमध्ये फिल्टर बनवून ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द इंग्रजीत असलेले मेल इनबॉक्स टाळून एका लेबलखाली जातील असं करा आणि ते लेबल आठवड्यातून एकदाच उघडा. मात्र या फिल्टरमध्ये कधीकधी कामाचे मेलही अडकतात. ग्राहकांचे आणि पेमेंट सेवेचे पत्ते त्यातून वगळा. व्यवसायाचं खातं वेगळं ठेवा, टूल आणि कोर्ससाठी दर महिन्याला ठरलेली रक्कमच त्यात टाका आणि ती संपली की पुढच्या महिन्यापर्यंत विषय बंद.

घ्यायचंच असेल तेव्हा

खरेदी करणं चूक नाही, वेळेआधी करणं चूक. एखादं काम किमान १० वेळा हाताने करून झालं असेल, त्यातली कंटाळवाणी पायरी कोणती हे नेमकं सांगता येत असेल आणि टूल तीच पायरी उचलत असेल, तर घ्या. ५० लोकांच्या ईमेल लिस्टसाठी मोठ्या ऑटोमेशनचा प्लॅन घेण्यात मात्र काही अर्थ नाही. एवढं काम फुकटच्या प्लॅनमध्ये आरामात होतं.

सुरुवातीला महिन्याचाच प्लॅन घ्या, हिशेबाने महाग पडला तरी. जॉन गूरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी १९९८ मध्ये व्यायामशाळेच्या सभासदांच्या हजेरीचा अभ्यास मांडला होता. वर्गणी भरली त्या सुमारास हजेरी वाढायची, मग पुढची वर्गणी येईपर्यंत उतरत जायची. ‘वर्षाचे पैसे एकदम भरले की वापरलं जाईलच’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. सलग तीन महिने वापर टिकला, मग वर्षाचा विचार करा.

पैसे भरल्या भरल्या रिफंडची मुदत शोधा आणि तिच्या ३ दिवस आधीची नोंद कॅलेंडरमध्ये टाका. अटीही वाचा: काही कोर्स ठरावीक भागापेक्षा जास्त पाहिला की पैसे परत देत नाहीत. कोर्स पहिल्या धड्यापासून पाहायचा नसतो. अडलेल्या कामाचा धडा उघडा, पाहून झाल्यावर व्हिडिओ बंद करा, ते काम करा, मगच पुढचा.

धरसोड

पैशांपेक्षा महाग पडते ती दिशा बदलणं. नव्याचे नऊ दिवस संपले की मूळ व्यवसाय रटाळ वाटतो, आणि दुसऱ्याचा ड्रॉपशिपिंगचा (माल स्वतःकडे न ठेवता पुरवठादाराकडून थेट ग्राहकाला पाठवण्याचा) किंवा ई-पुस्तकांचा धंदा सोपा दिसतो, कारण त्यातली कंटाळवाणी कामं अजून आपल्या वाट्याला आलेली नसतात.

यासाठी ९० दिवसांचं एक पान लिहा. कुणाला विकणार, काय विकणार, ते लोक कुठे भेटणार, पैसे कसे देणार, अशी चार वाक्यं पुरतात. खाली एकच आकडा, जो तुमच्या हातात आहे: आठवड्याला २५ लोकांशी थेट संपर्क, असा काहीतरी. विक्रीचा आकडा रोज पाहू नका. सुरुवातीला तो शून्यच असतो, आणि रोजचं शून्य पाहून माणूस पुन्हा कोर्सच्या पानावर जातो. नवी कल्पना सुचली तर ‘नंतर बघू’च्या यादीत तिचीही एक ओळ, ९० दिवसांनी उघडायची. सकाळचं पहिलं काम म्हणजे ज्याची धास्ती वाटते ते. लोगोचा रंग आणि वेबसाइटचा फाँट दुपारनंतर.

सोडायचं कधी, हेही सुरुवातीलाच लिहून ठेवा, नाहीतर चिकाटी आणि हट्ट यांतला फरक मधेच कळत नाही. १०० योग्य लोकांना विचारून एकानेही पैसे दिले नाहीत, तर आधी विचारपूस करा: किती जणांनी उत्तरच दिलं नाही, किती जणांनी किंमत ऐकून माघार घेतली, किती जणांना ती अडचणच नाही. उत्तरच येत नसेल तर मेसेज बदला. किमतीवर अडत असेल तर लहान, स्वस्त भाग विकून पाहा. अडचणच नसेल तर ग्राहक किंवा वस्तू बदलावी लागेल. १०० पैकी फक्त १२ जणांनाच विचारलं असेल, तर अजून सोडायचा प्रश्नच आलेला नाही. उरलेल्या ८८ जणांची यादी बनवा.