आतला तक्ता बाहेर देताना

सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका छापखान्याच्या जुन्या इस्की (भारतीय लिपींसाठीचं जुनं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची पद्धत) फायली युनिकोडमध्ये आणायला मी पायथनमध्ये लायब्ररी लिहिली. आतला तक्ता म्हणजे साधी डिक्शनरी, कोणत्या बाइटला कोणतं अक्षर याच्या जोड्या: बाइट १७९ म्हणजे ‘क’, युनिकोडमध्ये २३२५. छापखान्यातल्या पोरांना कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर होतं ते बघायचं होतं, म्हणून मी तोच तक्ता उघडा ठेवला. एकाने आपल्या स्क्रिप्टमध्ये एक नोंद बदलली आणि त्या खेपेच्या पुढच्या सगळ्या फायली बिघडल्या. चादरींची लेबलं रात्रभर बसून पुन्हा तपासली आम्ही.

तेव्हा मूळ डिक्शनरी कधीच हातात देऊ नका. तिचं नाव अंडरस्कोरने (_) सुरू करा, म्हणजे ती आतली आहे हे कळतं, आणि बाहेर ‘टाइप्स’ मॉड्यूलमधला मॅपिंगप्रॉक्सीटाइप द्या. तो फक्त वाचू देतो. मात्र मूळ बदललं की त्यातही बदल दिसतो, आणि आत लिस्ट असेल तर ती बदलता येतेच. म्हणून डिक्शनरीतल्या व्हॅल्यू स्ट्रिंगच (नुसता मजकूर) ठेवा.

खरी मेख पुढे आहे. तक्ता म्हणजे अख्खं एन्कोडिंग नव्हे! इस्कीत २३४ म्हणजे दंड, पण त्याच्या पाठोपाठ २३३, म्हणजे नुक्ता (अक्षराखालचा टिंब), आला की दोन्ही मिळून अवग्रह (ऽ) होतो. एकेक बाइट तक्त्यात शोधणारा इथे हमखास चुकतो. म्हणून तक्त्याशेजारी डीकोड करणारं फंक्शन द्याच आणि डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या आत लिहिलेल्या माहितीत) हे अवग्रहाचंच उदाहरण लिहा.

शिवाय एक टेस्ट: बाहेरच्या तक्त्यात लिहायचा प्रयत्न करा, टाइपएरर यायलाच हवी.