अळी शोधायची तर आधी लेंड्या शोधा

काल बरा असलेला कढीपत्ता आज नुसत्या काड्यांवर आलेला दिसला की वाटतं, रात्रीत कुणीतरी येऊन खाऊन गेलं. पण ती अळी कित्येक दिवस तिथेच असते. लहानपणी ती इतकं थोडं खाते की आपल्या लक्षात येत नाही. कोषात जाण्याआधीच्या शेवटच्या काही दिवसांत मात्र तिची भूक सुटते आणि बहुतेक सगळी नासधूस तेव्हाच होते. म्हणून मी रोज सकाळी पाणी घालताना दोन मिनिटं पानं उलटी करून बघते. त्या दोन मिनिटांइतकं उपयोगी पडणारं औषध मला अजून मिळालेलं नाही.

अळी थेट दिसत नाही, कारण तिचा रंग पानाचाच असतो आणि ती शिरेला चिकटून पडून राहते. लेंड्या मात्र दिसतात. खसखशीएवढे काळे कण म्हणजे अळी अजून लहान, मोहरीएवढे किंवा त्याहून मोठे असले तर ती चांगलीच वाढलेली. लेंड्या पडल्या असतील त्याच्या सरळ वर नजर न्यायची. ओल्या, हिरवट लेंड्या असतील तर अळी नक्की जवळपास आहे. पान वाकवून बघा, सापडेल.

लेंड्या आहेत, पानं कुरतडलेली आहेत आणि अळी कुठेच नाही, असं झालं तर रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन जा. तंबाखूवर पडणारी स्पोडोप्टेरा अळी पुदिना आणि बेसिलवरही येते. मोठी झाली की ती दिवसा मातीत किंवा वाळलेल्या पाल्याखाली लपते आणि अंधारात वर चढते. तिची अंडी पानाखाली पुंजक्याने असतात, वर भुऱ्या केसांचं पांघरूण. एका पुंजक्यात शेकडो अंडी असू शकतात, म्हणून ते एक पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकलं की पुढचा मोठा त्रास वाचतो. तुळशी-बेसिलची दोन पानं धाग्याने चिकटलेली किंवा गुंडाळलेली दिसली तर आत पान गुंडाळणारी अळी असते. ती सुरळी सोडवत बसू नका, अळी निसटून खाली पडते. सुरळीसकट चिमटीत दाबा. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी, पानाच्या आतच बसलेली. तिथे वरून फवारून फारसं काही होत नाही, पान तोडून टाकायचं.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर थांबा. ते बहुधा लिंबाच्या फुलपाखराचं पिल्लू असतं. मोठं झाल्यावर ते हिरवं होतं, डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढतं आणि उग्र वास सोडतं. मी एक जुना, दणकट कढीपत्ता त्यांच्यासाठीच ठेवला आहे. बाकीच्या कुंड्यांतल्या अळ्या पानासकट उचलून तिथे नेते. मोठं झाड पुन्हा फुटतं. वीतभर रोपाला मात्र एक अळीही पुरते, तिथे दया दाखवायची तर अळी हलवूनच.

मावा म्हणजे शेंड्यांवर आणि पानांखाली बसून रस शोषणारे बारीक किडे. त्यांचं गणित वेगळं. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, म्हणून चार किड्यांचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही. शेंडे आणि पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा. यानेच बहुतेक वेळा भागतं. झाडावर मुंग्यांची ये-जा वाढली तर मावा शोधाच. त्याच्या गोड चिकट द्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. नत्रयुक्त खत जास्त झालं की कोवळी लुसलुशीत फूट येते आणि मावाही वाढतो, तेव्हा आधी खत आवरा.

एक चूक मला आजही सलते. माव्यात फिरणाऱ्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या मी किडी समजून चिरडल्या होत्या. ती लेडीबर्ड बीटलची पिल्लं होती, मावा खाऊन संपवणारी. फुगून तपकिरी, कडक झालेला मावा दिसला तर तोही तसाच राहू द्या. त्याच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं.

फवारायचंच झालं तर एक लिटर पाण्यात ५ मिली सौम्य द्रव साबण. तो किडीच्या अंगावर पडला तरच काम करतो, वाळला की संपलं. निंबोळी तेलासाठी आधी ५ मिली तेल १-२ मिली साबणात घोटून मग लिटरभर पाणी घाला. एका पानावर करून बघा, दुसऱ्या दिवशी ते ठीक असेल तर बाकीच्यांवर, आणि संध्याकाळीच. मी एकदा भर उन्हात फवारलं आणि पुदिन्याची पानं करपली. शिवाय कडवटपणा पानात राहतो, येत्या आठवड्यात खुडायचा शेंडा मी मोकळा सोडते.

अळ्या हाताबाहेर गेल्याच तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून बनवलेलं कीटकनाशक. या जिवाणूमुळे रेशमाच्या अळ्या मरतात हे जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना दिसलं होतं. फवारलेलं पान अळीने खावं लागतं. मग ती काही तासांत खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. लहान अळ्यांवर परिणाम चांगला होतो. उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून हेही संध्याकाळी. फुलपाखराची अळी कोणती आणि पतंगाची कोणती, हे त्याला कळत नाही. त्या जुन्या कढीपत्त्याजवळ मी ते नेतही नाही.

नवीन रोप आणलं की पंधरा दिवस ते बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि त्याची पानं रोज उलटून बघा. माझ्याकडे पांढरी माशी आली ती अशाच एका रोपाबरोबर.